सहाची जोडी

मालमोटारीच्या मागे जाऊन जरा वाकून पाहिले, तर दोन चाकांच्या मधोमध आसावर एक लोखंडी गोळा दिसतो. रस्त्याने जाणाऱ्याला तो कशासाठी असतो हे ठाऊक नसते, आणि ठाऊक असण्याचे कारणही नाही. माझी हयात त्या गोळ्यात हात घालण्यात गेली.

वडील कचेरीत होते, राहणे नागपूरच्या महाल भागात. मुलाने सीताबर्डीच्या एका मोटार कारखान्यात फिटर व्हावे हे त्यांना अखेरपर्यंत पटले नाही. गिऱ्हाइके मला 'पंतमिस्त्री' म्हणत. त्यातला 'पंत' वडिलांना चालत असे. 'मिस्त्री' कानावर आला की ते उठून आत जात. पुढे त्या शब्दाचा मलाही थोडा अभिमान वाटू लागला. आता तोही फारसा उरलेला नाही, आणि का उरला नाही तेच इथे सांगायचे आहे. गमतीजमती लिहा, असा आग्रह झाला होता. एक गंमत आहे, तीही सांगतो. पण मनात आहे ती दुसरीच हकीकत.

आधी त्या गोळ्याविषयी. इंजिनाकडून एक लांब दांडा मागे येतो. त्याच्या टोकाला लहानसे दातेरी चाक असते, ते पिनियन. ते एका मोठ्या दातेरी चाकाला फिरवते, ते क्राऊन. क्राऊन फिरले की गाडीची चाके फिरतात. दांड्याचे किती फेरे झाले म्हणजे चाकाचा एक फेरा होतो, एवढाच काय तो प्रश्न. चार फेऱ्यांना एक, तर ती चाराची जोडी. पाचाला एक, ती पाचाची. खरे म्हणजे हा आकडा कधी पूर्ण नसतो, थोडा वरखाली मुद्दाम ठेवलेला असतो. तेच दात पुन्हा पुन्हा त्याच दातांना भिडून झिजू नयेत म्हणून. पण बोलताना आम्ही चार, पाच, सहा असेच म्हणत असू.

चाराची जोडी म्हणजे लांब ढांगा टाकणारा माणूस. सपाटीवर झपाझप जाईल, पण पाठीवर पोते ठेवले की गुडघे मोडतील. सहाची जोडी म्हणजे हमाल. धावणार नाही, पण जिन्यावर पोते घेऊन चढेल. पुढचे गिअर ड्रायव्हर घडोघडी बदलतो. मागची जोडी एकदा बसली की बसली. एकाच गाडीला दोन्ही सुखे मिळत नाहीत, हे गिऱ्हाइकाच्या गळी उतरवणे हे माझे निम्मे काम होते. म्हणून नव्या माणसाला मी पहिला प्रश्न विचारीत असे तो वेगाचा नव्हे. तुमच्या वाटेवरची सर्वांत वाईट जागा कोणती, असे मी विचारी. लोक तिथेच खोटे बोलत. आपल्या वाटेवर वाईट जागा आहे हे कबूल करायला कोणालाच आवडत नाही.

उमरेडकडचे एक मालगुजार, म्हणजे जमीनदार, होते. शेजारच्या गावच्या मालगुजाराने त्यांची गाडी रस्त्यात मागे टाकली, ते त्यांना जिव्हारी लागले होते. त्यांनी आपल्या माल वाहायच्या गाडीला माझ्याकडून सर्वांत लांब ढांगेची जोडी बसवून घेतली. मी परोपरीने सांगितले, पण ऐकेनात. गाडी धावली खरी. मात्र त्यांच्याच गावच्या नाल्यातून धान्याची पोती घेऊन ती वर चढेना. दर खेपेला बैलजोडी लावून ओढून काढावी लागे. वर्षभराने ते भेटले तेव्हा खुशीत होते. म्हणाले, "पंत, तुमची जोडी पक्की आहे. नाल्याचीच चढण चुकीची होती. ती मी खणून काढली." जोडी बदलायची सोडून त्यांनी गावचा रस्ताच बदलला होता. ही ती गंमत. आता नामदेवाकडे येतो.

नामदेव नागपुरातच सक्करदऱ्याला राहायचा. आधी कोणाकडे तरी ड्रायव्हर होता. मग एक जुनी घरगुती मोटार घेऊन त्याने तिचा मागचा अर्धा भाग कापून टाकला, सुताराकडून लाकडी हौदा करून घेतला आणि स्वतःची माल वाहायची गाडी केली. नागपूरहून वर छिंदवाड्याला जाताना मीठ, तेल, कापड. येताना तिथले बटाटे आणि चारोळी. बायको सखूबाई. मूलबाळ नव्हते. दोघे एकमेकांना धरून होते, आणि दोघे मिळून त्या गाडीला धरून होते. गाडीला मूळच्या मोटारीचीच चाराची जोडी होती. वाटेतल्या सौंसरपर्यंत रस्ता सपाट. पुढे सिल्लेवानीचा घाट होता, पण पेट्रोल होते तोवर पहिल्या गिअरमध्ये रडतकढत का होईना ती चढत असे.

मग युद्ध आले आणि पेट्रोल कुपनांवर गेले. मालाच्या गाड्यांना आम्ही कोळशाच्या भट्ट्या बसवू लागलो. गाडीच्या अंगाला एक उंच टाकी, तिच्यात लाकडी कोळसा पेटवायचा आणि त्याचा गॅस नळीने इंजिनात न्यायचा. गाडी चालते, पण इंजिन अर्धपोटी राहते. सपाटीवर ते कळून येत नाही. चढावर कळते.

काही दिवसांनी दुसऱ्या एका ड्रायव्हरकडून ऐकले की नामदेव घाट उलटा चढतो. मला वाटले, थट्टा असेल. नामदेव आला तेव्हा विचारले, तर तो हसला नाही.

"खरं आहे, पंत. रिव्हर्स टाकतो न् मागंमागं चढवतो. सीधी चढतच नाही तं काय करू?"

रिव्हर्सचा गिअर बहुतेक गाड्यांत पहिल्याहूनही जोराचा असतो. त्यामुळे युक्ती बरोबर होती. पण अख्खा घाट, माल भरलेली गाडी, मान मागे वळवून?

"आणि मध्येच बसली तर?"

"सखू राह्यते ना," तो म्हणाला. "ठोकळा घेऊन चालते संग."

मला राहवेना. कारखान्याचे मालक असलेल्या शेठांना सांगून एक दिवस मी नामदेव-सखूबाईबरोबर गेलो. घाटाच्या पायथ्याशी नामदेवाने गाडी फिरवून तिची पाठ चढाकडे केली. सखूबाई खाली उतरली. पदर खोचला आणि हौद्यातून लाकडाचा एक तिकोनी ठोकळा काढून खांद्यावर घेतला. सागाचा होता, जड. "तुमी बसा, पंत," ती मला म्हणाली, "तुमाले सवय नसन." मी कसा बसणार? मीही चालू लागलो.

गाडी पाठमोरी वर सरकत होती. भट्टीची राख आणि धूर खालच्या अंगाला येत होता, आणि सखूबाईला चालायचे तेही त्याच अंगाला, चाकाच्या जवळ. इंजिनाचा आवाज खाली बसू लागला की ती पावले उचलायची. गाडी थबकली की मागे घसरण्याच्या आत ठोकळा चाकाखाली गेला पाहिजे. तिच्याकडे त्यासाठी श्वासाएवढा वेळ असे. एका वळणावर इंजिन बंद पडले. तिने वाकून ठोकळा सारला, तो खडीवरून थोडा घसरला, चाक त्याच्यावर चढू पाहत होते, आणि तिने पायाने तो पुन्हा आत रेटला. गाडी थांबली. तिची बोटे आणि ते टायर यांच्यामध्ये काय अंतर होते ते मी सांगू शकत नाही. मी डोळे मिटले होते.

"लागलं का वं?" वरून नामदेव ओरडला.

"नाई लागलं. तुमी समोर पाहा," ती म्हणाली. मग तिला आपल्या बोलण्याचे हसू आले, कारण त्याचे समोर आज मागे होते. ती हसता हसता खोकू लागली आणि बराच वेळ खोकत राहिली. तिच्या डाव्या पायाच्या दोन बोटांना नखे नव्हती. कधी गेली, मी विचारले नाही.

परत आल्यावर मी नामदेवाला सांगितले की या गाडीची जोडी बदलायलाच हवी. सांगणे सोपे होते. युद्धात सुटे भाग येणे बंद झालेले. शेठांनी मुंबई-कलकत्त्याला विचारून पाहिले. उत्तर एकच, नाही. शेवटी रामटेकच्या बाजूला एका बंद पडलेल्या खाणीच्या आवारात नामदेवाच्या मोटारीच्याच कंपनीच्या दोन लहान लॉऱ्या गंजत पडल्याचे कळले. या लॉऱ्यांचा गोळा बाहेरून नामदेवाच्या गाडीसारखाच, आतले दात तेवढे वेगळे. मी आणि नामदेव तिथे गेलो. चाक उचलून त्याच्यावर खडूची रेघ मारायची, दांडा हाताने फिरवायचा आणि फेरे मोजायचे, अशी आमची रीत. एका लॉरीत पाचाची जोडी निघाली, दुसरीत सहाची. दोन्ही जोड्यांचे दात शाबूत होते. मालकाला भंगाराशी मतलब, त्याने कोणतीही एक न्यायला हरकत घेतली नाही.

कोणती घ्यायची, हे मी नामदेव आणि सखूबाईवर सोपवले. दोघे कारखान्यात आले. मी नेहमीप्रमाणे समजावून सांगितले. पाचाची घेतली तर सपाटीवर फार तोटा नाही, खेपा आतासारख्याच होतील. घाट पहिल्या गिअरमध्ये सरळ चढेल, मात्र पुऱ्या मालानिशी वरच्या दोन वळणांवर भरवसा देता येत नाही. सहाची घेतली तर घाटाची चिंताच नको. पण सपाटीवर गाडी बैलगाडीहून थोडी बरी एवढीच, इंजिन सारखे ओरडणार, कोळसा जास्त खाणार.

नामदेव पाचाकडे झुकत होता. खेपा कमी होणे त्याला परवडणारे नव्हते. सखूबाई दाराशी उभी राहून ऐकत होती. माझे बोलणे संपल्यावर तिने विचारले, "पंत, कोणत्या जोडीनं मले उतरा लागणार नाही?"

"पाचाच्या जोडीने क्वचित उतरावे लागेल. सहाच्या जोडीने कधीच नाही."

ती नामदेवाकडे पाहत म्हणाली, "मले एकडाव त्या घाटात बसून जायचं आहे. गाडीत. तुमच्या बाजूनं."

एवढेच. तक्रारीचा सूर नव्हता. मग नामदेव मला म्हणाला, "सहाची टाका, पंत. खेपा गेल्या उडत."

मी जोडी बसवली. अशी जोडी बसवण्यात सगळी कला दातांच्या भिडण्यात असते. दातांना शेंदूर लावून चाक फिरवायचे आणि उमटलेला ठसा पाहायचा. तो दाताच्या मधोमध यायला हवा. टोकाला आला तर दात तुटणार, मुळाशी आला तर गोळा रडणार. पातळ पत्र्याच्या चकत्या घाल, काढ, पुन्हा घाल, असे करत मी ठसा मधोमध आणला. इतके चांगले काम माझ्या हातून क्वचितच झाले असेल. जोडी बसवून झाल्यावर मी नामदेवाला बजावले, "चढायचा जोर दिला आहे, थांबायचा नाही. ब्रेक अजून मोटारीचेच आहेत, घरच्या चार माणसांना पेलतील असे. गाडी चढते म्हणून माल वाढवू नकोस." त्याने दुसऱ्याच दिवशी रंगाऱ्याकडून हौद्याच्या फळीवर लिहून घेतले : वीस मणांहून जास्त माल भरू नये.

जुनी चाराची जोडी शेठांनी लगेच विकली. त्या दिवसांत लोखंडाचा खिळाही कारखान्यात टिकत नसे.

पहिल्या खेपेहून परत आल्यावर दोघे मुद्दाम मला भेटायला थांबले. सखूबाईने बटाट्यांची पिशवी पुढे केली. मी विचारले, कसा काय झाला घाट?

"पंत, तिथं पळस आहेत जी," ती म्हणाली. "खालपासून वरपर्यंत. एवढे दिवस मी चाकच पाहून राहिली होती."

तेवढा एक हंगाम त्यांना मिळाला.

त्यानंतर सरकारी कामाला खाजगी मालमोटारी घेण्याचा हुकूम आला. लाकूड हवे होते, आणि चांद्याच्या जंगलातून ते काढायला गाड्या हव्या होत्या. शहरातल्या सगळ्या मालगाड्या तपासणीसाठी एका मैदानात आणायच्या होत्या. हुकूम कळताच नामदेव कारखान्यात आला.

"जुनी जोडी परत टाकून द्या, पंत. कमजोर दिसली तं सोडून देतीन."

माझ्याही मनात तेच आले होते. पण ती जोडी ज्याने घेतली तो तिला मोटारीत बसवून कधीच रायपूरला गेला होता. दुसरी कोणतीही लांब ढांगेची जोडी त्या गोळ्यात बसत नव्हती, आणि बसणारी नागपुरात मिळेना; खाणीतली पाचाचीही तोवर भंगारात गेली होती. मी शोधले. त्याच्यासमोर आणि त्याच्यामागेही शोधले.

तपासणीच्या दिवशी मी त्याच्याबरोबर मैदानात गेलो. सखूबाई कडेला एका लिंबाच्या झाडाखाली उभी होती. तपासणारे साहेब कोणी कडक गृहस्थ नव्हते. शांत होते, आणि त्यांना काम येत होते. घरगुती मोटारी कापून केलेल्या हलक्या गाड्या ते एकामागून एक परत पाठवत होते. त्यांचा आस पाहायचा, मान हलवायची, जा म्हणायचे. नामदेवाची गाडीही तशीच दिसत होती. साहेबांनी हात हलवलाच होता. तेवढ्यात ती जागेवरून निघाली, तिचा आवाज त्यांनी ऐकला, आणि त्यांनी तिला थांबवले.

चाक उचलले. खडूची रेघ मारली. दांडा फिरवू लागले. मीही मनात मोजत होतो. इतकी वर्षे मी दुसऱ्यांचे फेरे मोजले, पण समोरचा माणूस मोजण्यात चुकावा अशी इच्छा मला त्या एकाच वेळी झाली. तो चुकला नाही.

"ये किसने बिठाया?" साहेबांनी विचारले.

मी पुढे झालो. त्यांनी गोळ्याला कान लावून दांडा पुन्हा फिरवून पाहिला. आवाज नव्हता.

"बहुत अच्छा काम है," ते म्हणाले.

माझ्या धंद्यातल्या जाणत्या माणसाने तोंडावर केलेले हे पहिले कौतुक. वडील त्या वेळी हयात होते. त्यांना ते सांगावे असे मला वाटले नाही. गाडी ठेवून घेतली. मी साहेबांना ब्रेकविषयी सांगितले, फळीवरचा मजकूर दाखवला. त्यांनी तो वाचला आणि पुढे कळवीन म्हणाले. कळवलेही असेल.

नामदेव बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा रागावलेला नव्हता. "तुमी काम चांगलं केलं, पंत," तो म्हणाला. "थोडं खराब केलं असतं तं बरं झालं असतं."

गाडी परक्याच्या हातात नासेल म्हणून तो ड्रायव्हर होऊन तिच्याबरोबर गेला. सखूबाईने त्याला अडवून पाहिले, त्याने ऐकले नाही. जंगलात बायकांना नेता येत नव्हते. ती सक्करदऱ्याला राहिली.

मध्ये एकदा तो सुटीवर आला. हिवतापाने पिवळा पडला होता. कारखान्यात आला आणि बाकावर बसून राहिला. मी गाडीची चौकशी केली.

"चढते," तो म्हणाला. "सागाचे ओंडके घेऊन चढते. म्हणून ते लोक अजून टाकतेत. फळी काढून टाकली त्यायनं, तिच्यानं ओंडके बसत नव्हते."

"उतारावर?"

"पहिल्या गिअरात धरतो. गिअर निसटून राहिला आजकाल. एका हातानं दांडी दाबून ठेवतो."

जुन्या गाड्यांत असे होते. उतारावर इंजिन गाडीला धरून ठेवते, पण झिजलेला गिअर निसटला की गाडी मोकळी सुटते. मग उरतो तो ब्रेक. मी म्हटले, "परत जाऊ नकोस. तापाचे कारण सांग."

"मी नाही गेलो तं दुसऱ्याले देतीन. त्याले कोण सांगन दांडी दाबून ठेव म्हणून?"

तो गेला. पावसाळा लागायच्या सुमाराला बातमी आली की गाडी उतारावरून गेली, आणि नामदेव तिच्यात होता. त्याला तिथेच अग्नी दिला होता. सखूबाईपर्यंत बातमी पोचली तेव्हा करण्यासारखे काहीच उरले नव्हते.

गाडीचा सांगाडा नागपूरला आला. दुरुस्त होण्यासारखा आहे का हे पाहायला आमच्या कारखान्याला बोलावणे आले, आणि शेठांनी मला पाठवले. दुसऱ्या कोणाला पाठवा, असे मला म्हणता आले असते. मी म्हटले नाही. इंजिन चिरडले होते, स्टिअरिंग कुठे होते ते ओळखू येत नव्हते. मी सवयीने मागचा गोळा उघडला. आत तेल स्वच्छ होते. क्राऊनचा एकही दात दुखावलेला नव्हता, ठसा अजून मधोमध होता. मग मी चाके काढून ब्रेकचे ड्रम पाहिले. चारही ड्रम तापून निळे पडले होते. आतले अस्तर जळून त्याचा कोळसा झाला होता. लोखंड असे निळे एका क्षणात होत नाही. बराच लांब पल्ला नामदेव त्या ब्रेकवर पाय देऊन उभा होता. उडी मारायला त्याला वेळ मिळाला होता. त्याने ती मारली नाही.

'दुरुस्तीलायक नाही' असे सांगून मी तिथून निघालो आणि सक्करदऱ्याला गेलो. सखूबाईने मला पाणी दिले. मी तिला ड्रमविषयी सांगितले. तो शेवटपर्यंत गाडी धरू पाहत होता, एवढे तरी तिला कळावे म्हणून. तिने सगळे ऐकून घेतले. तिच्या घरात दुसरे कोणी नव्हते. मी उठलो तेव्हा ती भांडे विसळायला आत गेली आणि बाहेर आली नाही.

युद्ध संपले. लष्कराच्या गाड्या आणि सुटे भाग लिलावात निघाले. ज्या जोडीसाठी मी खाण पालथी घातली होती तसल्या जोड्या ग्रीस लावलेल्या, कागदात गुंडाळलेल्या, कोऱ्या, ढिगाने पडल्या होत्या. चाराच्या, पाचाच्या, सहाच्या, साताच्यासुद्धा. शेठ खूश होते, हवे ते उचल म्हणाले. मी त्या ढिगापुढे उभा राहिलो, आणि मला एकाही जोडीला हात लावावासा वाटेना. पोटासाठी पुढे लावला. अजून पुष्कळ वर्षे लावला. गिऱ्हाईक आले की वाटेवरची सर्वांत वाईट जागा कोणती, हे मी विचारीत होतोच. पण उत्तर ऐकून घ्यायची उमेद राहिली नव्हती.

पुढे बऱ्याच वर्षांनी एका दुपारी सक्करदऱ्याच्या तलावाजवळ सखूबाई भेटली. गिरणीत कामाला जात होती. केस पिकले होते. कापसाचे तंतू तिच्या भुवयांवर बसले होते. खोकला होता तसाच होता. आम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. तिने माझ्या घरच्यांची विचारपूस केली. मग म्हणाली,

"पंत, एक विचारू का जी?"

"विचार ना."

"ती दुसरी जोडी होती. पाचाची. ती टाकली असती, तं नेली असती का गाडी त्यायनं?"

मला वाटते तिने हा प्रश्न इतकी वर्षे जपून ठेवला होता, विचारायला माझ्याशिवाय कोणी नव्हते म्हणून. तिच्या पायांकडे माझे लक्ष गेले. मी तिथून नजर उचलली.

"नेली असती," मी म्हणालो. "पाचाची काय, चाराची काय. त्या दिवशी मैदानातून एकही गाडी परत गेली नाही, सखूबाई."

ती माझ्याकडे पाहत राहिली. त्या दिवशी लिंबाखाली ती स्वतः उभी होती. ज्या गाड्या परत गेल्या, त्या तिच्या समोरूनच गेल्या होत्या.

"बरं झालं सांगतलं," ती म्हणाली. पदर डोक्यावर घेतला आणि गिरणीच्या रस्त्याला लागली.